युवा संघाचे बड्डे

बड्डे सत्तेचाळीस वर्षांचे आहेत आणि आमच्या पॅरिशच्या युवा संघाचे प्रमुख आहेत. हे वाक्य वाचून ज्याला काहीच खटकलं नाही, तो कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या युवा संघात असणार हे नक्की.

त्यांना खरं नाव आहे, पण ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आणि फॅक्टरीच्या पगारपत्रकात. जबलपुरात तसा कोणीही कोणालाही 'बड्डे' म्हणतो. रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणतो, गिऱ्हाईक पानवाल्याला म्हणतं. 'काए बड्डे' म्हटलं की समोरून 'हओ' येतं आणि पुढचा व्यवहार सुरू होतो. आमच्या पॅरिशमध्ये मात्र हा किताब एकाच माणसाच्या नावावर चढला आहे. फादर त्यांना बड्डे म्हणतात, सिस्टर म्हणतात, आणि घराबाहेर त्यांचा मुलगाही म्हणतो, कारण तोही आता एकोणीस वर्षांचा होऊन त्याच संघात दाखल आहे. हजेरीच्या वहीत बापलेकांची नावं एकाखाली एक आहेत. गेल्या निवडणुकीत मुलानं बापाविरुद्ध मत दिलं म्हणतात. मतदान गुप्त होतं, पण मोजणी बड्डेंनी केली आणि मुलाचं अक्षर त्यांना ओळखता येतं.

पॅरिश कोणता ते विचारू नका. शहरात पॅरिश मोजके आणि बड्डे त्याहून मोजके.

मी मूळचा वसईचा, रेल्वेच्या बदलीनं जबलपुरात आलो. वसईत गावागावात मंडळ, नाटक, क्रिकेटचे सामने, गायकवृंद. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर दिब्रिटोंच्या मागे हरित वसईसाठी पोरंसोरं रस्त्यावर उतरली होती. तिथे तरुण उदंड, हॉल अपुरा. इथे हॉलला पंखे बारा आणि खाली तरुण नऊ.

ही माणसं गोळा झाली ती रेल्वे आणि फौजेच्या मागून. 1870 साली मुंबईकडचे रूळ आणि कलकत्त्याकडचे रूळ जबलपुरात जुळले, त्यांच्यामागे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड आले, गोव्याची माणसं आली. छावणी आणि आयुध कारखान्यांबरोबर तमिळ कुटुंबं, शाळा-इस्पितळांबरोबर मल्याळी शिक्षिका आणि नर्सेस, मंडला-दिंडोरीकडून आदिवासी कुटुंबं. मिस्सा हिंदीत, कॅरल्स इंग्रजीत, भांडण ज्याच्या त्याच्या मातृभाषेत आणि समेट जबलपुरीत. बड्डेंचे आजोबा मद्रासकडून पलटणीबरोबर आलेले, आजी मंडल्याची, बायको गोव्याची. त्यामुळे समेटाला तेच लागतात.

गेल्या बावीस वर्षांत चार प्रमुख धर्मगुरू आले आणि बदलून गेले. फादर बदलतात, बड्डे राहतात. नव्या फादरांना जनरेटरला लाथ कुठल्या बाजूनं मारायची, कुठला टेंटवाला उधारीवर खुर्च्या देतो, गायकवृंदात कोणत्या दोन काकूंना शेजारी उभं करायचं नाही, हे सगळं बड्डे पहिल्या आठवड्यात समजावून देतात. फक्त हॉलची चावी देत नाहीत. ती त्यांच्या कमरेला असते. बड्डे दोनदा निवृत्तही झाले आहेत. दोन्ही निरोप समारंभ त्यांनीच ठरवले, सूत्रसंचालन त्यांनीच केलं, आणि दुसऱ्या वेळी शाल कमी किमतीत मिळाली म्हणून दोन घेऊन ठेवल्या. त्यांच्या पत्नीचं मत विचारलं तर त्या म्हणतात, "इनका यूथ और मेरा बुढ़ापा साथ-साथ चल रहा है।"

बैठक दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर. सुरुवात ओळखीच्या खेळानं, कारण बड्डे कधी काळी एका शिबिरात तसं शिकले आहेत. प्रत्येकानं नाव सांगायचं आणि नावाच्या पहिल्या अक्षरावरून एक फळ. ही नऊ मुलं एकमेकांना चांगली ओळखतात, त्यांना एकमेकांचे सराव परीक्षेचे मार्कसुद्धा पाठ आहेत. तरी दर रविवारी सगळे पुन्हा नाव सांगतात. 'अ'वाली एक मुलगी तीन वर्षं अंजीर होती. एकदा तिनं कंटाळून अननस म्हटलं, तर बड्डेंनी टाळ्या वाजवायला लावल्या: "ये हुई ना क्रिएटिविटी!" मग सत्र. विषय बहुतेक वेळा 'मोबाइलचे दुष्परिणाम'. सत्र चालू असताना बड्डे मोबाइलवर सहा कोनांतून फोटो काढतात, तिथल्या तिथे ग्रुपवर टाकतात आणि व्याख्यान थांबवून सांगतात, "सब लोग लाइक कर दो।" मग समोसे. समोसा हातात पडला की साडेबाराच्या आत हॉल रिकामा होतो, आणि बड्डे हजेरीच्या वहीत वेळेसह नोंद करतात: कार्यक्रम यशस्वी.

वयाचा विषय काढणाऱ्याला ते एक हिशेब ऐकवतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1985 साली जागतिक युवा दिनाची घोषणा केली तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. म्हणजे बड्डेंच्या हाती अजून अठरा वर्षं आहेत. तरुणांचे आश्रयदाते संत अलोयशियस गोन्झागा तेविसाव्या वर्षीच, 1591 साली, रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेले, असं मी एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं. जबलपुरात त्यांच्या नावाची दीडशे वर्षांहून जुनी शाळा आहे, त्यामुळे हे संत इथे सगळ्यांच्या परिचयाचे. बड्डे जराही अडखळले नाहीत. "जल्दी चले गए बड्डे। रह जाते तो कोऑर्डिनेटर वोई होते।"

कार्यक्रमाला गर्दी किती, याबद्दलही त्यांची अशीच तयारी आहे. चाळीस डोकी जमली तर ते मनीलाची आठवण काढतात. तिथे 1995च्या युवा दिनाच्या शेवटच्या मिस्सेला पन्नास लाखांच्या आसपास माणसं आली असा अंदाज सांगितला जातो. पाऊस लागला आणि दोनच मुलं आली, तर डॉन बॉस्को: त्यांनी तुरिनमध्ये 8 डिसेंबर 1841ला एका अनाथ मुलापासून काम सुरू केलं. जमली तर मनीला, नाही जमली तर तुरिन. बड्डेंचा कार्यक्रम पडत नाही.

बेल्जियमच्या फादर कार्डीन यांनी कामगार तरुणांसाठी एक पद्धत रुजवली: पाहा, पारखा, कृती करा. पुढे ती कॅथलिक विद्यार्थ्यांच्या चळवळींनीही उचलली. तरुणांनी आपल्या भोवतीचं जग आपणच पाहायचं, आपणच तोलायचं आणि आपणच हात घालायचा, एवढा त्यातला साधा भाग. बड्डेंनी हे तीन शब्द तीन पाट्यांवर रंगवून हॉलच्या तीन भिंतींवर लावले आहेत. पाहतात बड्डे, पारखतात बड्डे, कृतीही बड्डेच करतात. मुलं पाट्या पुसतात.

पण खरा प्रसंग पोपच्या पत्राचा. 2018च्या धर्मसभेनंतर 2019मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांसाठी 'ख्रिस्तुस विवित' हे पत्र काढलं, 299 परिच्छेदांचं. बड्डेंनी त्याची झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलं आणि सलग काही रविवार ते वाचून दाखवायला घेतलं. तरुणांमधलं काम तरुणांनीच करायचं आहे, मोठ्यांनी सोबत द्यावी, वाट दाखवावी, पण नव्या रीतीनं काम करायची मोकळीक त्यांना हवी, असं त्यात एके ठिकाणी म्हटलं आहे. तो भाग आला तेव्हा बड्डेंचा आवाज भरून आला होता. माईक त्यांच्या हातात, पाऊण तास झालेला, समोर नऊ मुलं भिंतीवरच्या घड्याळाखाली बसलेली. संघाची सचिव म्हणजे दिंडोरीकडून इथे नर्सिंग शिकायला आलेली एक मुलगी. तिनं हात वर केला. "अंकल, ये वाला हम पढ़ दें?"

बड्डेंनी मायेनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नहीं बेटा, तुम सुनो। तुम्हारे लिए ही लिखा है।"

आता तरुण नऊच का, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर बड्डेंवर अन्याय होईल. आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की मूल गाव सोडतं. कोणी इंजिनिअरिंगला इंदूर-पुण्याला, कोणी भोपाळला, कोणी नोकरीला मुंबई-बंगळूरला. पॅरिशमध्ये दोनच वयोगट उरतात, सतराच्या आतले आणि पस्तिशीच्या पुढचे. मधला तरुण नाताळात चाकांची बॅग ओढत दिसतो आणि नवीन वर्षाच्या मिस्सेनंतर दिसेनासा होतो. बाहेरच्या तालुक्यांतून शिकायला आलेली चार मुलं वसतिगृहातून येतात, तीही कोर्स संपेपर्यंत. बड्डेंना फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून ते इथेच राहिले. त्यांच्या मागून आलेल्यांपैकी कोणी थांबलं नाही, म्हणून ते तरुण राहिले. इतकी साधी गोष्ट आहे.

संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र दीडशेच्या घरात माणसं आहेत, कारण गेलेल्या कोणालाही बड्डे काढत नाहीत. रविवारी सकाळी सातला संदेश येतो: आज बैठक, सबकी उपस्थिति अनिवार्य. तो दुबईत नाईट शिफ्ट संपवणाऱ्यालाही जातो आणि बंगळूरला झोपलेल्यालाही. दोघंही 'हओ बड्डे' असं उत्तर टाकतात. हजेरीत ते धरावेत का, यावर बड्डेंनी फादरांशी एकदा चर्चा केली होती.

जून-जुलैत बड्डे रोज स्टेशनवर असतात. इंदूरची ओव्हरनाइट, मुंबईचा गरीबरथ, बंगळूरची संघमित्रा, कोणती किती वाजता आणि कोणता डबा पुलाच्या पायऱ्यांसमोर येतो, हे मला नोकरीमुळे ठाऊक असावं त्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. मुलाचे आईवडील रडत असतात, बड्डे सामान साखळीनं बांधत असतात. मग खिशातून चार घड्यांची चिठ्ठी निघते. तीत कॉलेजजवळच्या चर्चचं नाव, मिस्सेच्या वेळा, तिथल्या कोणाचा तरी फोन नंबर, आणि खाली दोन ओळींत कोणत्या बसनं जायचं. ही माहिती ते आठ-आठ दिवस फोन करून जमवतात. गाडी हलायच्या आधी खिडकीतून एकच वाक्य: "पहले संडे को जाना। पहला चूके तो फिर क्रिसमस पे ही जाओगे।" इतक्या वर्षांत मी युवकसेवेवरची व्याख्यानं पुष्कळ ऐकली, वसईतही ऐकली. त्यांतलं एकही वाक्य मला या वाक्याच्या जवळ येईल असं वाटत नाही.

एका जूनमध्ये रात्री आईचा वसईहून फोन आला. "अरे, हा बड्डे कोण तुझा? त्यानं पाठवलंय म्हणून एक पोरगा दारात उभा आहे. जेवलेला दिसत नाही." बड्डेंनी मला न विचारता चिठ्ठीवर आमच्या घरचा पत्ता घातला होता. पोराला अंधेरीत नोकरी लागली होती, खोली मिळाली नव्हती. नालासोपाऱ्यात खोली मिळेपर्यंत तो आईकडे राहिला, रविवारी तिच्याबरोबर चर्चला गेला आणि तिथल्या गायकवृंदानं त्याला उचलला. मराठी गीतांतल्या प्रत्येक 'ळ'चा तो 'ल' करतो. आईचं म्हणणं, आवाज चांगला आहे, उच्चार देव सांभाळून घेईल.

मी बड्डेंना गाठून म्हटलं, निदान विचारायचं तरी. ते म्हणाले, "पूछते तो आप सोचते, बड्डे।"

डायोसिसकडे वर्षअखेरीस अहवाल जातो. कार्यक्रम किती, उपस्थिती किती, विषय कोणते, सोबत छायाचित्रं जोडावीत. बड्डे तो हिशेब खात्यातल्या माणसाला शोभेल असा भरतात, लाल शाईनं बेरजा करून. त्यात स्टेशनचा रकाना नाही. एकदा मी म्हटलं, स्टेशनवरचंही लिहा. त्यांना प्रश्नच कळला नाही. "वो तो ऐसेई है", म्हणाले आणि मोबाइलच्या दुष्परिणामांखालची उपस्थिती तपासू लागले.

गेल्या नोव्हेंबरात बड्डेंना डेंग्यू झाला. ख्रिस्त राजाच्या सणाला आठवडा राहिला होता. 2021पासून धर्मप्रांतांमधला युवा दिन त्याच रविवारी साजरा होतो, म्हणजे बड्डेंच्या पंचांगातला सर्वांत मोठा दिवस. सचिव मुलगी इस्पितळात गेली आणि चावी मागून आली. बड्डेंनी दिली. दुसरी एक त्यांनी आधीच करून घरी ठेवली होती हे नंतर कळलं.

कार्यक्रम व्यवस्थित झाला असं म्हणता येणार नाही. बॅनरवर साल चुकलं. माईक घरघरू लागला तेव्हा जनरेटरला लाथ कुठून मारायची ते कोणालाच आठवेना. टेंटवाल्यानं बड्डेंचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय एक खुर्ची उतरवली नाही. हिशेबात सातशे रुपये कमी आले, ते अजून सापडलेले नाहीत. समोसेही नव्हते. पोरांनी कमानिया गेटजवळून खोव्याची जिलेबी आणली आणि ती हॉलमध्ये पोचेपर्यंत निम्मी संपवली. सलाईन लावलेल्या बड्डेंचे फोन दर दहा मिनिटांनी येत होते. मुलगी उचलायची, "हओ अंकल" म्हणायची आणि ठेवायची.

माईक बंद, म्हणून सगळे सतरंजीवर गोल बसले. फळंबिळं कोणी विचारली नाहीत. मुलीनं विचारलं, "बारहवीं के बाद जबलपुर में कौन रहेगा?" एकही हात वर आला नाही. मग तिनं विचारलं, "जाने से डर किसको लगता है?" आधी कोणी हललं नाही. मग बड्डेंच्या मुलानं हात वर केला, तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला इंदूरला जायच्या विचारात होता. त्याच्यामागून बहुतेकांचे आले. पुढचे दोन तास मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. कोणीतरी पुण्याच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला, त्यानं बंगळूरच्या मुलीला जोडलं. मेसचं जेवण, रूममेट, एकटेपणी पहिला नाताळ, चर्चमध्ये कोणी ओळखत नसताना मागच्या बाकावर बसणं, सगळं निघालं. दिंडोरीची मुलगी म्हणाली, मी जबलपुरात आले तेव्हा मलाही इथे असंच वाटलं होतं. हे तिच्याबरोबर दोन वर्षं समोसे खाल्लेल्या मुलांना त्या दिवशी कळलं. चार वाजून गेले तरी कोणी उठेना, आणि उठले तेव्हा खुर्च्या न सांगता लावल्या गेल्या.

बड्डे घरी आल्यावर मुलीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "समोसे नहीं थे?" एवढं विचारलं. मग वही मागवली आणि नोंद केली: विषय, नाही. वक्ते, नाही. सूत्रधार, युवा. उपस्थिती, 31. पेन उचलून थोडा विचार केला आणि मुलाला विचारलं, "वीडियो कॉल वाले जोड़ें कि नहीं?"

तेव्हापासून त्यांचा-माझा एक वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, मुलं दोन वर्षांत निघून जातात, त्यांना तयार करून काय उपयोग, पुन्हा पहिल्यापासून सगळं आपल्यालाच. माझं म्हणणं नेमकं उलटं. मुलं जाणारच आहेत, तर पंधराव्या-सोळाव्या वर्षीच चावी त्यांच्या हातात पडली पाहिजे, बॅनरवर साल चुकलं तरी चालेल. ती जातील तिथे दार उघडायला शिकलेली असतील. वसईला गेलेल्या त्या पोरानं वर्षाच्या आत तिथल्या पोरांची प्रश्नमंजूषा चालवायला घेतली आहे, हे मी बड्डेंना पुरावा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "देखा? हमारी ट्रेनिंग।" यावर मला उत्तर सुचलेलं नाही. सचिव मुलीचा कोर्स येत्या जूनमध्ये संपतो. चावी सध्या तिच्याकडे आहे, दुसरी अर्थातच बड्डेंच्या कमरेला.

2027च्या ऑगस्टमध्ये जागतिक युवा दिन दक्षिण कोरियात, सोलला आहे. बड्डेंनी पासपोर्टचा फॉर्म आणला आहे आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी येऊन तो टेबलावर ठेवला आहे.

तुम्ही भेडाघाट, धुआँधार बघायला जबलपुरात आलात आणि रविवारी सदरकडे फिरकलात, तर दुसऱ्या मिस्सेनंतर एखाद्या हॉलच्या दारात वही घेऊन उभा असलेला माणूस भेटेल. त्यानं वय विचारलं तर पन्नासच्या वरचं सांगा, त्याखाली काहीही सांगितलंत तर समितीत नाव गेलंच समजा. पुण्या-मुंबईचा पत्ता देताना मात्र दोनदा विचार करा. दिलात, तर जूनमध्ये दारावर कोणीतरी येईल. कोण, कुठला ते मागाहून विचारा, आधी त्याला जेवायला वाढा.